माणूस कामावर आहे

करवतीबरोबर आलेलं माहितीपुस्तक सेफ्टीसाहेबांनी तिसऱ्यांदा वाचून संपवलं, समासात पेन्सिलीने दोन ठिकाणी 'बरोबर' आणि एका ठिकाणी 'सूचना अपुरी' असं लिहिलं, आणि मगच खोकं उघडलं. खोकं घरात येऊन पाच दिवस झाले होते. दुसरा कोणी असता तर पहिल्याच दिवशी करवत काढून एखादं जुनं फळकूट तरी कापून बघितलं असतं. पण ज्याने एकतीस वर्षं कारखान्याच्या सुरक्षा खात्यात काढली त्याच्याकडून असली अपेक्षा करू नये. घरात पहिला प्रेशर कुकर आला तेव्हाही हे गृहस्थ तीन दिवस त्याच्याभोवती नुसते फिरत होते. शेवटी ते आंघोळीला गेल्याचं बघून बायकोने त्यात बटाटे उकडून घेतले.

करवत आणली होती एका फांदीसाठी. परसात बदामाचं मोठं झाड होतं आणि त्याची एक मांडीएवढी जाड फांदी स्वयंपाकघराच्या खिडकीवर सरळ आडवी आली होती. भर दुपारीसुद्धा आत दिवा लावल्याशिवाय मीठ कोणतं आणि साखर कोणती ते कळायचं नाही. "ही फांदी काढा हो एकदाची," असं साहेबांची बायको एकोणीस वर्षं म्हणत होती. गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. "काढायचीच आहे, पण नीट आखणी करून," असं साहेब एकोणीस वर्षं उत्तर देत होते. आखणी चालू होती.

मग वहिनी मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्या शहरात गेल्या. बसने सहा तासांचा रस्ता. "दोन महिन्यांत येते," म्हणाल्या होत्या. त्याला आता अकरा महिने झाले. रोज सकाळी अकरा वाजता, बाळ झोपलं की, त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यात साहेबांना बाळाचा कान, बाळाचा अंगठा आणि बराच वेळ छताचा पंखा दिसायचा. मधेच कधीतरी फोन कलायचा आणि वहिनींचा अर्धा चेहरा दिसायचा. साहेब त्या अर्ध्या चेहऱ्यासाठी दहा मिनिटं पंखा बघत बसायचे.

"जेवलात का?" वहिनी विचारायच्या.

"जेवलो."

"गॅस बंद केलात ना?"

हा प्रश्न साहेबांना कोणी विचारावा हे खरं तर अपमानास्पद होतं. पण वहिनी विचारायच्या तेव्हा त्यांना बरं वाटायचं. ते रोज दोन कप चहा करायचे, कारण त्या पातेल्यात एका कपाचा अंदाज त्यांना कधी आलाच नाही. पहिला कप गरम प्यायचे आणि दुसरा समोर ठेवून गार झाल्यावर. बायकोची आठवण येत होती, फार येत होती, एवढंच त्याचं कारण होतं. पण 'ये' हा एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नव्हता. ड्युटीवरच्या माणसाला मधेच परत बोलवायचं नाही, असा त्यांचा नोकरीतला शिरस्ता होता. आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर 'तुझ्यावाचून करमत नाही' असं फोनवर, तेही मागे जावई फिरत असताना, कसं म्हणायचं?

गेल्या रविवारी मात्र वहिनींनी आपणहून विचारलं, "ती फांदी आहे का हो अजून?"

"आहे."

"तुम्ही ती कापलीत ना, की मी येतेच बघायला."

वहिनी हसल्या. मागून मुलगीही हसली. साहेब हसले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी कॅलेंडरवर शनिवारच्या चौकोनात 'फांदी' असं लिहिलं आणि लगेच विजेवर चालणारी करवत मागवली. बेत असा होता की शनिवारी साडेदहापर्यंत फांदी खाली आणायची आणि अकराच्या कॉलला काही न बोलता फोन स्वयंपाकघराकडे वळवायचा. उजेडाने भरलेलं स्वयंपाकघर वहिनी बघतील, आणि मग शब्द दिलेलाच आहे.

शनिवारी सकाळी सात वाजता काम सुरू झालं. साहेबांनी कागदावर बावीस मुद्द्यांची यादी केली होती. पहिला मुद्दा विजेचा. परसातल्या बल्बची वायर त्या फांदीवरूनच गेली होती, आणि वायर असलेल्या फांदीला हात लावण्याआधी काय करायचं हे साहेबांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मेन स्विच खाली ओढायचा, त्याला लाल कुलूप घालायचं, कुलपाला पाटी अडकवायची आणि किल्ली आपल्या गळ्यात. निवृत्तीच्या समारंभात लोक घड्याळ घेतात. साहेबांनी मागून आपलं लाल कुलूप आणि कोऱ्या पाट्यांचा एक गठ्ठा घेतला होता. पाटीवर ठळक छापलेलं असे: 'माणूस कामावर आहे. हे कुलूप लावणाऱ्याशिवाय कोणीही काढू नये.' खाली रकाने. साहेबांनी सुवाच्य अक्षरात नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप भरलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं, यादीवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

बल्बची वायर सोडवली. परसाच्या चारी बाजूंना लाल फीत बांधली. पुढच्या फाटकालाही बांधली आणि तिथे पाटी लावली: 'काम चालू. परवानगीशिवाय आत येऊ नये.' मग हेल्मेट, चष्म्यावर गॉगल, जाड हातमोजे, बूट आणि कानांवर आवाज अडवणारी दोन गोल टोपणं. शर्टाचं टोक पँटमध्ये नीट खोचलं. करवतीच्या दातांच्या चेनचा ताण बघितला, तेल भरलं. फांदी तोडण्यासाठी शिडीवर चढायचं नाही, असं पुस्तकात होतं. त्याची गरजही नव्हती. झाडाच्या बुंध्याशी मातीचा चांगला रुंद उंचवटा होता, त्यावर उभं राहिलं की फांदी बरोबर छातीशी यायची. यादीत एकविसावा मुद्दा होता: एकट्याने काम करू नये. त्यासाठी शेजारच्या टेलरमास्तरांना बोलावलं होतं.

मास्तर फितीखालून वाकून आले, ते हातात काजं करायचा शर्ट घेऊनच.

"मी नक्की काय करायचं, साहेब?"

"बघायचं."

"बस?"

"मला काही झालं तर शिट्टी वाजवायची." साहेबांनी शिट्टी दिली.

मास्तरांनी ती उलटसुलट करून बघितली. "म्हणजे तुम्ही पडणार आणि मी शिट्टी वाजवणार. ते बरं दिसेल का?"

"लोक धावत येतील."

"या वेळी गल्लीत आपण दोघंच असतो. शिट्टी ऐकून मला तुमच्याकडे आणि तुम्हाला माझ्याकडे धावावं लागेल." असं म्हणून मास्तर स्टुलावर बसले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

दहा वाजून पाच मिनिटांनी साहेबांनी एक्स्टेन्शनची वायर आपल्या पाठीमागून आणली, प्लग लावला, दोन्ही हातांनी करवत धरली, पाय रोवले आणि खटका दाबला. काहीच झालं नाही. त्यांनी चेन अडवणारी कडी मागे आहे की पुढे ते बघितलं, परत दाबला. करवत ढिम्म. नियमाप्रमाणे प्लग काढून तपासणी केली, प्लग लावला, दाबला. पुन्हा काढला, पुन्हा तपासणी. असं चार वेळा झालं.

"आवाज फार कमी आहे हिचा," मास्तर म्हणाले. "चांगल्या कंपनीची दिसते."

इथे वाचक म्हणेल, अहो, मेनला कुलूप आहे. वाचकाला ते दिसतं, कारण वाचक एकतीस वर्षं कारखान्यात नव्हता. तिथे कुलूप एका यंत्राला असायचं आणि हातातल्या हत्याराला वीज पलीकडच्या खात्याच्या बोर्डावरून यायची. कुलूप घातल्यावर हत्यार चालतं, हे साहेबांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की घराला एकच बोर्ड असतो ही गोष्ट त्यांच्या यादीत कुठेच आली नाही.

साडेदहा झाले. फोन आणायला ते स्वयंपाकघरात गेले. आत अंधार होता, पण तो फांदीमुळे असायचाच. फ्रिज गप्प होता, पण तो अधूनमधून गप्प बसायचाच. फोनवर वायफाय दिसत नव्हतं. "आजच जायचं होतं याला," साहेब इंटरनेटवर वैतागले. घरात मोबाइलला रेंज नसायची, म्हणून ते फाटकापाशी गेले आणि दुकानदाराला फोन लावला.

"करवत बंद आहे तुमची."

"साहेब, लाईट आहे ना?" दुकानदाराने विचारलं.

साहेबांच्या कपाळाची शीर उठली. "मी एकतीस वर्षं सुरक्षा खात्यात काढली आहेत."

"तसं नाही हो, पण बऱ्याचदा—"

"एकतीस वर्षं," साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. रात्रभर चार्जिंगला लावायचा राहिला होता. त्यांनी आत जाऊन तो स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला, बटण दाबलं आणि निर्धास्त झाले. अकरापर्यंत वायफाय येईल, फोनही भरेल. तोवर करवतीचं बघू.

"मास्तर, तुमच्या दुकानात लावून बघू या."

मास्तरांचं दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. साहेब हेल्मेट, गॉगल, टोपणं अशा अवतारात करवत घेऊन तिकडे निघाले तेव्हा समोरून येणारा दूधवाला आल्यापावली वळला आणि दुसऱ्या गल्लीत शिरला. दुकानात मास्तरांनी शिलाई मशीनचा प्लग काढून करवतीचा लावला. साहेबांनी खटका दाबला. करवत अशी काही गरजली की कप्प्यातले बटणांचे डबे थरथरले.

साहेबांचा चेहरा उजळला. म्हणजे करवत धडधाकट होती, एक्स्टेन्शन वायर खराब. आता आलोच आहोत तर तेलाची तपासणीही उरकून घेऊ, असा त्यांनी विचार केला. पुस्तकात लिहिलं होतं की करवतीचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरून चालवावी; कागदावर तेलाची रेघ उमटली म्हणजे चेनला तेल पोचतंय. "मास्तर, पांढरा कागद आहे का?" त्यांनी विचारलं. मास्तरांचा नेमका त्याच वेळी फोन वाजला होता. त्यांनी भिंतीकडे तोंड करून फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने मागच्या टेबलाकडे बोट दाखवलं. साहेबांच्या गॉगलवर आतून वाफ धरली होती. टेबलावर काहीतरी पांढरं पसरलेलं दिसलं. त्यांनी टोक समोर धरून करवत पाच सेकंद चालवली. सुरेख सरळ काळी रेघ उमटली.

मास्तर फोनवर बराच वेळ बोलत होते. टोपणांमुळे साहेबांना शब्द ऐकू येत नव्हते, पण मास्तर मान हलवत होते, मधेच साहेबांकडे बघत होते, आणि एकदा तर त्यांनी डोळे पुसल्यासारखं केलं. गिऱ्हाईक कटकट करत असणार, असं साहेबांना वाटलं. त्यांनी टोपणं काढली.

"कोण होतं?"

"गिऱ्हाईक," मास्तर म्हणाले. मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "साहेब, ही पँट आहे."

साहेबांनी गॉगल वर केला. पँटच होती. पांढरीशुभ्र, आजच इस्त्री केलेली, आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक बाणासारखी रेघ.

"तेल व्यवस्थित पोचतंय," साहेब हळूच म्हणाले.

"ते दिसतंय मला."

दुसरा कोणी असता तर या पँटवरून भांडण जुंपलं असतं. पण मास्तर का कोण जाणे, एकदम मवाळ झाले होते. "जाऊ द्या, शिवून देईन दुसरी," म्हणाले. "तुम्ही फांदीचं बघा. ती महत्त्वाची." आणि त्यांनी साहेबांच्या दंडावर थोपटलं. अठरा वर्षांच्या शेजारात मास्तरांनी असं कधी केलं नव्हतं.

परत येऊन साहेबांनी मास्तरांची एक्स्टेन्शन वायर लावली. करवत ढिम्म. मास्तरांच्या मुलीच्या खोलीतली लावली. ढिम्म. अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले. फोन अजून बंदच होता. चार्जर गेला असणार असं साहेबांनी ठरवलं. आज एकाच दिवशी करवत, वायर, इंटरनेट आणि चार्जर अशा चार वस्तू बिघडल्या, या योगायोगाची साहेबांच्या नियमाप्रमाणे रीतसर चौकशी व्हायला हवी होती. पण त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. अकरा महिन्यांत आज पहिल्यांदा अकराचा फोन चुकला होता.

"माझ्या फोनवरून लावा वहिनींना," मास्तर म्हणाले.

"लावून काय सांगू? फांदी आहे तिथेच आहे, हे?" साहेब उंचवट्यावर बसले. करवतीचा प्लग काढून ठेवायला ते तेव्हाही विसरले नाहीत. "मास्तर, तुम्हाला सांगितलंच आहे, रविवारी ती म्हणाली, फांदी कापलीत की येते. गमतीत म्हणाली असेल. मला कळतं ते. पण मला वाटलं, कापून तर बघू. निदान माझ्याकडून काही राहायला नको."

मास्तरांनी काज अर्धवट सोडून वर बघितलं. काहीतरी ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. "मी वायरमनला बोलावतो," एवढंच म्हणाले.

वायरमन जेवण उरकून दोन वाजता आला. तो पूर्वी साहेबांच्याच कारखान्यात होता, साहेबांच्या हाताखाली शिकलेला. फाटकाशी लाल फीत बघून तो बाहेरच थांबला. "येऊ का साहेब? परवानगी आहे?" साहेबांना इतक्या दिवसांनी आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. वायरमन घरात गेला, आणि दोनच मिनिटांत बाहेर आला.

"मला काही करता येणार नाही, साहेब."

"का?"

"मेनला कुलूप आहे. पाटी आहे. कोणीतरी कामावर आहे." तो अगदी गंभीरपणे बोलत होता. "तुम्हीच शिकवलंत, लावणाऱ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आधी लावणारा शोधायला हवा."

"कोणी लावलं?" साहेब करड्या आवाजात म्हणाले. "नाव काय आहे पाटीवर?"

वायरमन परत आत गेला. बाहेर आला तेव्हा तो साहेबांच्या नजरेला नजर देत नव्हता.

"नाव तुमचं आहे, साहेब. वेळ सात दहा."

बदामाचं एक पान साहेबांच्या हेल्मेटवर पडलं. त्यांचा हात आपसूक गळ्याशी गेला. किल्ली तिथेच होती, सकाळपासून.

"रकाने मात्र सगळे नीट भरलेत," वायरमन म्हणाला. तो हसला नाही. मास्तरही हसले नाहीत. त्यांनी शर्ट तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते, एवढंच.

पुढचं काम बारा मिनिटांत झालं. साहेबांनी कुलूप काढलं, बल्बची वायर फांदीपासून लांब आहे हे पुन्हा बघितलं, सगळ्यांना फितीबाहेर उभं केलं. आधी फांदीला खालून थोडा काप दिला, म्हणजे पडताना साल फाटत नाही. मग थोडं पुढे सरकून वरून. करवतीचं टोक कशाला लागू दिलं नाही, स्वतः फांदीखाली उभे राहिले नाहीत. फांदी कुरकुरली, वाकली, आणि जिथे पडायला हवी होती तिथेच, आखलेल्या चौकोनात, अलगद आडवी झाली. शिट्टी वाजवायची काही वेळच आली नाही. मास्तरांनी ती तरीही एकदा वाजवली.

सगळे गेल्यावर साहेब स्वयंपाकघरात आले आणि दारातच थांबले. एकोणीस वर्षांत तिथे असा उजेड आला नव्हता. आणि त्या उजेडात अकरा महिन्यांचा त्यांचा एकट्याचा संसार दिसत होता. ओट्यामागच्या फरशीवर तेलाचे ओघळ, डब्यांवर चिकट धूळ, छताच्या कोपऱ्यात जाळी, गॅसच्या शेगडीखाली काय होतं ते सांगवत नाही. अंधारात हे सगळं त्यांना स्वच्छ वाटत होतं. हे व्हिडिओवर दाखवलं असतं तर, असं मनात येऊन त्यांनी आधी फोनकडे बघितलं.

फोन आता खरोखर चार्ज झाला होता. उघडला तर वहिनींचे सतरा मिस्ड कॉल. त्यांनी लगेच उलट लावला. वहिनींचा फोन बंद. मुलीला लावला, तिने कट केला आणि 'मीटिंगमध्ये आहे, बाबा, सगळं ठीक आहे' असा निरोप पाठवला. साहेब खुर्चीत बसले. वहिनी रागावल्या असणार. सतरा वेळा फोन लावून माणूस मिळाला नाही तर कोणीही रागावेल. उजेड हळूहळू ओट्यावरून जमिनीवर आला, जमिनीवरून भिंतीवर चढला. फांदी नव्हती, उजेड होता, आणि तो दाखवायला कोणी नव्हतं. त्यांनी चहा केला. दोन कप झाला.

साडेसहाच्या सुमाराला फाटकाशी रिक्षा थांबली. साहेब दारात आले. फाटकाबाहेर, लाल फितीपलीकडे, हातात एक छोटी बॅग घेऊन वहिनी उभ्या होत्या. अख्खा चेहरा होता, अर्धा नाही. त्या फाटकावरची पाटी वाचत होत्या.

"परवानगीशिवाय येऊ नये, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "म्हणून थांबले."

साहेब पायरी उतरून फाटकाशी आले. "तू कशी काय?"

"अकराला तुमचा फोन लागेना. मास्तरांना लावला, तर मागून घरघर ऐकू येते आणि मास्तर सांगतात, साहेब हेल्मेट घालून माझ्या दुकानात करवत चालवतायत. का, तर फांदी कापली की वहिनी येणार आहेत. आठवडाभर ते गल्लीत हेच सांगत फिरतायत म्हणे. साडेअकराची बस धरली. फोन बसमध्ये संपला."

"गिऱ्हाईक नव्हतं ते," साहेब पुटपुटले.

"मीच सांगितलं, त्यांना बोलू नका. नाहीतर तुम्ही 'नको येऊस, सगळं नियमात आहे' म्हणाला असतात." वहिनींनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. "बाळाला सांभाळायला सहा महिन्यांपासून बाई येतेय. मुलगी रोज म्हणते, आई, जा आता, बाबा एकटे आहेत. मी म्हटलं, ते ये म्हणू देत, मग जाते. तुम्ही काही म्हणेनात."

"मला वाटलं, तुझी तिकडे गरज असेल."

"मला वाटलं, तुमचं इकडे छान चाललं असेल." त्यांनी बोटाने फीत ताणून बघितली. "अजून बाहेरच उभी आहे मी. परवानगीचं काय?"

फितीची गाठ साहेबांनीच घातली होती, म्हणजे ती सहजी सुटणारी नव्हती. ते दोन्ही हातांनी ती सोडवत राहिले. शेवटी त्यांनी फीत हाताने वर उचलून धरली.

"ये," ते म्हणाले.

एवढाच शब्द होता. अकरा महिने लागले होते त्याला. वहिनी वाकून आत आल्या.

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. दिवा लावला नव्हता तरी सगळं दिसत होतं. त्यांनी एका डब्याला बोट लावलं आणि बोट बघितलं. "फांदी होती तेच बरं होतं म्हणायचं," त्या म्हणाल्या. टेबलावर दुसरा कप होता, त्यावर झाकण होतं. त्यांनी तो घेतला. मग पाटीसह पडलेलं लाल कुलूप उचललं. "हे काय?" साहेबांनी खाली बघत सगळा प्रकार सांगितला, सात दहापासून. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली.

"दोन दिवसांचेच कपडे आणलेत," झोपण्याआधी त्या म्हणाल्या. साहेब "हो, हो," म्हणाले आणि कुशीवर वळले. विचारायचं धाडस झालं नाही. एका दिवसात एक शब्द निघाला होता, दुसरा कुठून आणणार?

सकाळी ते उठले तेव्हा वहिनी आधीच उठल्या होत्या. पलंगाखाली त्यांची बॅग होती. साहेबांनी वाकून बघितलं, आणि मग चष्मा शोधून पुन्हा बघितलं. बॅगेच्या दोन्ही चेनच्या कड्यांमधून लाल कुलूप घातलेलं होतं. कुलपाला कोरी पाटी होती, ती आता कोरी नव्हती. 'माणूस कामावर आहे. हे कुलूप लावणाऱ्याशिवाय कोणीही काढू नये.' लावणाऱ्याचं नाव: मी. कामाचं स्वरूप: स्वयंपाकघर साफ करणे. काम संपण्याची अंदाजे वेळ: या रकान्यात एक लांब रेघ ओढलेली होती.

साहेबांनी नियमाप्रमाणे कुलूप दोनदा ओढून बघितलं. पक्कं होतं.

ते स्वयंपाकघरात गेले. वहिनी स्टुलावर चढून, हात लांब करून, वरचा कप्पा पुसत होत्या. एका हातात फडकं, कमरेला किल्ली. कोणी स्टूल धरलेलं नव्हतं, हे साहेबांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. त्यांनी लगबगीने जाऊन दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

"बरं झालं आलात," वहिनी वरूनच म्हणाल्या. "दोघांनी हात लावला तर दुपारपर्यंत उरकेल सगळं."

"अजिबात नाही," साहेब म्हणाले. "सावकाश कर. घाईत अपघात होतो."